‘माऊस आता शेजारणीला दे’: संगणकाचे धडे तयार करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शाळांसाठी संगणकाचा अभ्यासक्रम, पुस्तकं आणि डिजिटल धडे तयार करणारे सर्व जण

विषय: संगणकाची पहिली ओळख संगणकावरच, दुव्यांनी जोडलेल्या आणि मुलांना उत्तर देणाऱ्या पानांतून करून देण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. १७ वर्षं झाली. 

एका वर्षी सहामाहीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता, सगळेच घालतात तसा: ‘डबल क्लिक म्हणजे काय?’ दोन गुणांचा. आठवीतल्या एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘माऊसचे डावे बटण लागोपाठ दोन वेळा दाबण्याच्या क्रियेस डबल क्लिक असे म्हणतात.’ मी दोनपैकी दोन दिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच मुलगी लॅबमध्ये बसली होती आणि तिला एक फोल्डर उघडायचा होता. तिने बटण दाबलं. थांबली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. मध्ये एवढा वेळ गेला की संगणकाने समजूत करून घेतली, हिला फोल्डरचं नाव बदलायचंय. नावाभोवती चौकट आली, अक्षरं निळी झाली. तिने घाबरून माऊस सोडला, हात कीबोर्डवर पडला, आणि ‘सहल’ नावाच्या फोल्डरचं नाव पुसून तिथे एकच इंग्रजी अक्षर उरलं. ‘मॅडम, बिघडलं,’ ती म्हणाली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. त्या तासाला तिने पुन्हा माऊसला हात लावला नाही.

तिची व्याख्या अचूक होती आणि तिच्या काहीही कामाची नव्हती. प्रश्न मीच घातला होता, गुणही मीच दिले होते. त्या दोन गुणांची बोच अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संगणकाची पहिली ओळख करून देणारे धडे नुसते पुस्तकात छापू नका आणि व्हिडिओत बांधून टाकू नका. ते पडद्यावर उघडणाऱ्या, एकमेकांना जोडलेल्या छोट्या छोट्या पानांत लिहा. मुलाने काही केलं की पानाने त्याला उत्तर द्यावं. एखादा शब्द अडला तर त्या शब्दावरच दाबून अर्थ मिळावा आणि तिथून परत मूळ जागी येता यावं. ती पानं मुळातून मराठीत लिहिलेली असावीत, इंटरनेटशिवाय चालावीत आणि आम्हा शिक्षकांना आमच्या मुलांप्रमाणे बदलता यावीत.

‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन या अमेरिकी माणसाने १९६५ मध्ये आणला. एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारता यावी, एवढाच त्याचा साधा अर्थ. शब्द परका असला तरी असं वाचणं आपल्या घरात जुनंच आहे. पंचांग कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. माझे आजोबा तिथीच्या पानावरून मुहूर्तांच्या पानावर जायचे, तिथून कोष्टकावर, आणि आधीच्या पानात एक बोट खुपसून ठेवायचे, परत यायला. ते खुपसलेलं बोट फार महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक केलं, त्यात माऊस आणि मजकुरातले दुवे दोन्ही एकत्रच लोकांसमोर आले. ही जुळी भावंडं आहेत असं मी मानते, म्हणून माऊस शिकवायला दुव्याइतकं जवळचं साधन मला दुसरं दिसत नाही. संगणक बनवणाऱ्यांनाही, नवख्या माणसाचा हात आधी बसवावा लागतो, हे ठाऊक होतं. ॲपलने १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आणला तेव्हा खोक्यात ओळख करून देणारी एक फ्लॉपी आणि सोबत ऐकायची कॅसेट होती. विंडोज ३.१ च्या मदतीच्या यादीत एक शिकवणी होती आणि तिचा पहिला धडा माऊसचाच होता. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत पत्त्यांचा सॉलिटेअर आला, तेव्हा तो खेळता खेळता लाखो लोकांना वस्तू पकडून ओढायची आणि सोडायची सवय लागली. कुणालाही ‘ड्रॅग म्हणजे काय’ ही व्याख्या पाठ करावी लागली नाही.

आता माझं एक पान दाखवते. साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेलं आहे, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं.

पानावर एका घराचं बंद दार आहे. वर एकच ओळ: ‘आत काकू आहेत. दोनदा टकटक कर.’ मुलाने दारावर डबल क्लिक केलं तर दार उघडतं आणि काकू म्हणतात, ‘ये रे, कधीची वाट बघतेय.’ हे सोपं झालं. खरं काम पुढे आहे. मुलाने एकदाच दाबलं तर पान म्हणतं, ‘एकदाच वाजलं. काकूंना वाटलं वाऱ्याने वाजलं असेल.’ दोनदा दाबलं पण मध्ये फार वेळ गेला तर म्हणतं, ‘दोन टकटकींच्या मध्ये काकू परत स्वयंपाकघरात गेल्या. जरा घाईने.’ आणि दाबताना माऊस सरकला असेल तर म्हणतं, ‘दुसरी टकटक भिंतीवर बसली. मनगट टेबलावर टेकव, फक्त बोट हलव.’ विंडोजमध्ये दोन क्लिकमधलं अंतर मुळात ५०० मिलिसेकंद धरलेलं असतं, म्हणजे अर्धा सेकंद. आठवीतल्या बोटांना ते एका तासात जमतं. बचत गटाच्या बायका संध्याकाळी येतात, त्यांच्या खुरप्याने घट्ट झालेल्या बोटांना ते जड जातं. त्यांच्यासाठी मी पानात आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडे वेळ वाढवून ठेवते.

त्या मुलीच्या बाबतीत तीन गोष्टींपैकी नेमकी कोणती होत होती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ४० मुलांच्या मागे उभी होते. पुस्तक तर काय सांगणार? हे पान सांगतं, लगेच सांगतं, आणि शंभरदा सांगायलाही त्याचा आवाज चढत नाही.

चुकीच्या उत्तराचं पान हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि धडे लिहिणारे नेमके तिथेच हात आखडता घेतात. बहुतेक डिजिटल धड्यांत चूक झाली की लाल फुली येते आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहून येतं. फुली पाहून मूल उरलेल्या पर्यायांवर ओळीने दाबत जातं, कुठलं तरी बरोबर येतंच. शिकलं काहीच नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्मन क्राउडर या माणसाने याचं उत्तर कागदावरच शोधून ठेवलं होतं. तो अमेरिकी हवाई दलाच्या तंत्रज्ञांना यंत्रांमधले बिघाड शोधायला शिकवायच्या कामात होता. त्याच्या पुस्तकांत प्रत्येक पर्यायापुढे वेगळा पानक्रमांक असे. चुकीचा पर्याय निवडला की ज्या पानावर जाल तिथे तुम्ही नेमका काय विचार केला असेल आणि तो कुठे फसला, हे लिहिलेलं असे, आणि मग परत पाठवलं जाई. हायपरटेक्स्टने फक्त पानं उलटण्याचे कष्ट वाचवले.

असं पान लिहायचं तर मुलं काय काय चुकीचं समजतात हे आधी माहीत हवं. ते अभ्यासक्रमाच्या बैठकीत कळत नाही, लॅबमध्ये कळतं. माझ्या वहीत त्याची यादीच आहे. मॉनिटरचं बटण दाबलं म्हणजे संगणक बंद झाला. डेस्कटॉपवरचं चिन्ह पुसलं म्हणजे प्रोग्राम गेला. खिडकी लहान करून खाली गेली म्हणजे केलेलं काम गेलं. सेव्ह दोनदा केलं म्हणजे दोन फाइली झाल्या. इंटरनेट म्हणजे ब्राउझरचं ते रंगीत गोल चिन्ह. यातली एकही समजूत मूर्खपणाची नाही. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून मुलाने काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे. शेवटच्या समजुतीसाठी माझ्याकडे जे पान आहे त्यावर शाळेबाहेरच्या एसटी थांब्याचं चित्र आहे: थांबा म्हणजे रस्ता नव्हे, थांबा म्हणजे सांगलीही नव्हे. हे उदाहरण मला एका सातवीतल्या मुलानेच दिलं आणि मी ते जसंच्या तसं पानात घातलं.

दुसरी गोष्ट भीतीची. शहरात घरी संगणक असलेल्या मुलाला हे कदाचित जाणवणार नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. आमच्या वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने शाळेचा संगणक ही मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या घड्याळासारखी वस्तू असते, हात न लावण्याची. ‘बिघडलं तर?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो योग्यच आहे, कारण बिघडलं तर दुरुस्तीला माणूस यायला इथे महिना जातो. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास एक प्रयोग केला होता. मजकूर टाइप करायच्या प्रणालीत नवखे लोक ज्या पर्यायांत हमखास भरकटतात, ते पर्याय त्यांनी बंद करून ठेवले. पर्याय दिसायचे, पण निवडले तर ‘हे सध्या वापरता येणार नाही’ एवढंच सांगितलं जायचं. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात, त्यावरून त्यांनी त्याला ‘ट्रेनिंग व्हील्स’ असं नाव दिलं. त्यावर शिकलेले लोक लवकर कामाला लागले.

माझी पानं म्हणजे तीच चाकं. पानावरचा फोल्डर खोटा आहे, पानावरची कचऱ्याची टोपली खोटी आहे. मूल तिथे हवी ती फाइल पुसू शकतं, परत आणू शकतं, टोपली रिकामी करून ‘आता मात्र गेली’ हेही अनुभवू शकतं. पंधरा मिनिटं त्या खोट्या टोपलीत खेळलेलं मूल खऱ्या टोपलीकडे वळतं तेव्हा त्याचा हात थरथरत नाही. त्यासाठी धडा अर्ध्यावर थांबतो आणि सांगतो: ‘आता हे पान खाली कर आणि खऱ्या डेस्कटॉपवर हेच करून ये. मी इथेच आहे.’ हे वाक्य सगळ्या धड्यांत असायला हवं. पानातून बाहेर पडल्याशिवाय संगणक शिकून होत नाही.

आता आजोबांच्या बोटाकडे येते. सुरुवातीला मी दुव्यांच्या आहारी गेले होते. एकाच पानावर मी ११ दुवे दिले होते. प्रत्येक अवघड शब्द निळा, अधोरेखित. मला वाटलं होतं, मुलं जिज्ञासेने हिंडतील. झालं असं की ‘फाइल जतन करणे’ या धड्यावर बसवलेली दोन मुलं तास संपला तेव्हा संगणकाचा जनक म्हणवल्या जाणाऱ्या चार्ल्स बॅबेजच्या पानावर होती आणि जतन केलेली एकही फाइल नव्हती. बॅबेजबद्दल विचारलं तर तेही धड सांगता येईना. जेफ कॉंक्लिन या संशोधकाने १९८७ मध्येच हायपरटेक्स्टचे दोन मोठे धोके लिहून ठेवले होते: आपण कुठे आहोत हे हरवणं, आणि कुठे जायचं हे ठरवण्यातच डोकं शिणणं. ज्याला विषय माहीत आहे त्याला अकरा दुवे म्हणजे सोय. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ते अकरा फाटे. त्याच्या हातात दिवा नाही आणि आपण त्याला चौकात सोडून देतो.

तेव्हापासून माझी पानं गावाच्या रस्त्यासारखी आहेत. एक मुख्य रस्ता. त्याला लागून लहान बोळ, आणि प्रत्येक बोळ दोन पावलांवर संपतो. अवघड शब्दावर दाबलं की नवीन पान उघडत नाही, त्याच ओळीखाली छोटी चौकट उघडते, दोन ओळींत अर्थ सांगते आणि पुन्हा दाबलं की मिटते. बोट पानातच खुपसलेलं राहतं. एका पानावर तीनपेक्षा जास्त दुवे नाहीत. वर ‘तू इथे आहेस’ अशी पट्टी आणि खाली ‘घरी चला’ हे बटण, प्रत्येक पानावर त्याच जागी. बटणाची जागा एका पानावर जरी बदलली तरी नवखं मूल अडखळतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

इथल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगायलाच हव्यात, कारण पुण्या-मुंबईत बसून त्या सुचणार नाहीत. जतच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी कन्नड बोलतात. मराठी शाळेत येऊन ती मराठी शिकतात आणि मग त्याच मराठीतून संगणक. ‘जतन’ हा शब्द त्यांना संगणकाइतकाच नवा असतो. छापील पुस्तकात कन्नडची सोय कोण करणार? माझ्या चौकटीत एका सहकाऱ्याच्या मदतीने आठ-दहा शब्दांचे अर्थ कन्नडमध्येही आहेत. ज्याला हवंय तो दाबतो, बाकीच्यांच्या वाटेत ते येत नाही. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर वर्ग फार पुढे गेलेला असतो. वर्गाबरोबर चालणारा धडा अशा मुलाला मागे टाकतोच. पण जोडलेल्या पानांत त्याने जिथे सोडलं होतं तिथेच पान उभं असतं. गेल्या वर्षी फडावरून परतलेला एक मुलगा मार्चअखेर एकटा बसून सलग चार दिवस तीच पानं करत होता. मी मध्ये पडले नाही. पाचव्या दिवशी तो शेजारच्याला कॉपी आणि कटमधला फरक समजावून देत होता.

आणि एका संगणकावर अनेक मुलं, ही परिस्थिती. आमच्या लॅबमध्ये दहा यंत्रं आहेत, त्यातली सहा-सात चालतात. एवढ्या जणांत माऊस कुणाच्या हातात असतो? जो आधीच थोडं जाणतो त्याच्या, आणि बहुतेक वेळा मुलाच्या. मुली मागच्या बाकावरून बघतात. सगळे म्हणतात ‘समजलं’, पण हात एकाचाच चालतो. मी किती वेळा ओरडून सांगितलं, फरक पडला नाही. शेवटी मी दर तिसऱ्या पानावर एक ओळ घातली: ‘माऊस आता शेजारणीला दे.’ त्याखाली दोन बटणं: ‘दिला’ आणि ‘अजून नाही’. ‘अजून नाही’ दाबलं तर तेच पान पुन्हा येतं. पडद्यावर लिहिलेलं मुलं ऐकतात; नियम खेळाचा आहे, मॅडमचा नाही, असं त्यांना वाटतं. ज्या दिवशी ही ओळ घातली त्या दिवशी मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी वर्षात पहिल्यांदा माऊस धरला. जानेवारी महिना होता.

व्हिडिओबद्दल थोडं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दिसणारे व्हिडिओ धडे आले तेव्हा मलाही आनंद झाला होता, आणि इतिहास-विज्ञानासाठी ते मी आजही दाखवते. पण संगणकाच्या पडद्याचा व्हिडिओ पाहताना बाण दुसराच कोणी हलवत असतो. बघताना सगळं सोपं वाटतं. हात लावला की काही आठवत नाही. अनेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेला एक संच मिळाला होता, वरती ठळक लिहिलं होतं ‘इंटरॲक्टिव्ह’. उघडून पाहिलं तर एक आवाज वाचून दाखवत होता आणि आमच्या हातात एकच बटण होतं: पुढे. पुढे दाबणं म्हणजे पान उलटणं. कृपा करून त्याला संवाद म्हणू नका. मुलाने काय केलं यावरून पुढचं पान बदलत असेल तरच तो संवाद.

त्याच संचातले मराठी धडे काही वर्षांनी नव्या संगणकावर उघडले तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा झालेला. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला होता, तो फॉन्ट नव्या यंत्रात नव्हता. कुणाचे तरी सहा महिन्यांचे कष्ट वाया गेले. म्हणून हात जोडून सांगते, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं तशीच दिसतील अशा सर्वमान्य पद्धतीत लिहा, आणि मुलांना मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीवर शिकवा. मुळाक्षरं ज्या क्रमाने शिकलोत तोच त्याच्या मांडणीचा पाया आहे, एका हाताला स्वर आणि दुसऱ्या हाताला व्यंजनं.

भाषेचा आणखी एक मुद्दा आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. इंग्रजी पाठ भाषांतराला देऊन मराठी धडा होत नाही. ‘इच्छित पर्याय निवडण्यासाठी खाली पडणाऱ्या यादीवर टिचकी मारा’ हे वाक्य माझ्या मुलांना चौथ्यांदा वाचूनही कळलं नाही. ‘छोटा त्रिकोण दिसतोय? तो दाब. यादी उघडेल’ हे कळलं. मी कळफलक आणि मूषक लिहीत नाही. मुलं कीबोर्ड आणि माऊस म्हणतात, दुकानदारही तेच म्हणतो. उलट, पडद्यावर जे इंग्रजी शब्द येतात त्यांचं चित्रच पानावर लावते, म्हणजे खऱ्या पडद्यावर ते ओळखता येतात. पण ‘डेस्कटॉप’, ‘फाइल’, ‘फोल्डर’ ही इंग्रजी कचेरीतली चित्रं आहेत, आणि ज्याने कचेरी पाहिली नाही त्याला ती आपोआप कळत नाहीत. आपल्याकडे ‘दप्तर’ हा फार सोयीचा शब्द आहे. मुलाच्या पाठीवर असतं तेही दप्तर आणि तलाठ्याकडे असतं तेही दप्तर. दप्तरात विषयवार वह्या, वहीत पानं. फोल्डरचा धडा मी तिथून सुरू करते.

‘हल्ली मुलांना मोबाइल येतोच, संगणकाची ओळख कशाला,’ असं मला एका प्रशिक्षणात ऐकायला मिळालं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंग, म्हणजे संगणकासाठी सूचना लिहिणं, शिकवावं असं म्हटलं आहे. ठीक आहे, जरूर यावं. पण दहावी झालेली मुलं महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हटलं की गावातल्या सायबर कॅफेत जातात, आधार कार्डापासून पासवर्डापर्यंत सगळं तिथल्या माणसाच्या हाती देतात आणि वर पैसेही देतात. का? कारण उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ कुठे उतरली, तिचा आकार कसा बघायचा, ती अपलोड कशी करायची, हे त्यांना येत नाही. मोबाइलमध्ये फाइल ‘कुठे’ असते हा प्रश्नच कधी पडत नाही. दिसलं की दाबायचं. ‘कुठे ठेवली’ हे शिकवायलाच लागतं, आणि ते ठेवून, हरवून, शोधूनच येतं. माझं सगळ्यात मोठं पान याच गोष्टीचं आहे: हरवलेला दाखला शोधण्याचं. पाच फोल्डर, त्यांत आणखी फोल्डर, आणि चुकीच्या फोल्डरमध्ये शिरलं की पान सांगतं की इथे का नसावा.

हे सगळं करायला मोठा खर्च लागत नाही. माझी ६० च्या आसपास पानं एका जुन्या पेन ड्राइव्हवर बसतात आणि अर्धी जागा रिकामी राहते. वीज गेली की आपण सगळेच थांबतो, पण इंटरनेट गेलं तर ही पानं थांबत नाहीत. लागतो तो वेळ, आणि नवख्या माणसाजवळ बसायची तयारी. म्हणून माझी पहिली विनंती अशी: कुठलाही धडा राज्यभर पाठवण्याआधी संगणक कधीही न वापरलेल्या पाच मुलांसमोर ठेवा, तुम्ही त्यांच्या मागे बसा आणि अर्धा तास एक शब्दही बोलू नका. ज्या ठिकाणी तुम्हाला राहवणार नाही, तिथे धडा चुकलेला आहे.

दुसरी विनंती, मूळ फाइली द्या. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र सगळ्यांना मोफत वापरायला खुलं केलं, म्हणून आज माझ्यासारखी जतमधली शिक्षिका नोटपॅडमध्ये पान लिहू शकते. त्याच तंत्राने केलेले धडे कुलूप लावून कशाला द्यायचे? माझ्याकडे एसटीचा थांबा आहे, रत्नागिरीतल्या शिक्षकाकडे बंदर असेल, गडचिरोलीतल्या शिक्षिकेला गोंडी शब्द घालायचे असतील. घालू द्या.

तिसरी, ‘म्हणजे काय’ या प्रश्नांचे गुण कमी करा. ‘करून दाखव’ला द्या. तोवर शाळा व्याख्याच पाठ करून घेतील, कारण निकाल त्यावर लागतो.

या पानांमुळे शिक्षकाची गरज संपते, असं कुणी म्हणू लागलं तर त्यांना माझं हे पत्र दाखवू नका. कंत्राट संपल्यावर संगणक शिक्षक घरी बसले आणि लॅबला कुलूप लागलं, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. पान डबल क्लिक शिकवतं. जी मुलगी हात मांडीवर घेऊन बसली आहे तिच्या शेजारी स्टूल ओढून पान बसू शकत नाही. पानामुळे मला तिच्याकडे जायला वेळ मिळतो, कारण बाकीचे ३९ जण आपापल्या दाराशी टकटक करत असतात. जुनं कॅबिनेट उघडून आतला धूळ खाल्लेला पंखा दाखवायचं काम तर पानाचं नाहीच, ते स्क्रू ड्रायव्हर घेऊनच करायचं.

ती मुलगी आता बारावीत आहे. मागच्या महिन्यात तिने स्वतःचा आणि धाकट्या भावाचा असे दोन अर्ज आमच्या लॅबमध्ये बसून भरले. पासवर्ड टाकताना तिने मला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं.

माझी पानं ज्यांना हवीत त्यांना देईन. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचनंतर आठवीचा तास असतो. तुमच्यापैकी कुणीही या, मागच्या बाकावर जागा आहे.

आपली,
एक संगणक शिक्षिका
तालुका जत, जिल्हा सांगली